झाडायची पाळी

माझं माहेर माणचं, दिलं थेरगावात. तवा माणला शेतंच व्हती, आता बापाच्या वावरात काचंच्या बिल्डिंगा हायेत, पर ते राहू द्या, तुमी कंपनीचं विचारलं. चाकणच्या अलीकडं आमची कंपनी, गाडीच्या दारांची रबरं करायची, आमी समदे कंत्राटी, आन काय सांगू तुमाला ताई, मालकानं एक दिवस टाळं लावलं नि पळाला. गेटावर उन्हात बसलो आमी, दामूअण्णा आमचा पुढारी, माझ्या डब्यातली भाकर आमी दोघांनी अर्धी अर्धी खाल्लेली हाय. शेवटाला पगाराच्या बदल्यात मशिनी आमाला मिळाल्या, आमी सोसायटी काढली, मालक कोण न्हाई, समदेच मालक. दामूअण्णा म्हणला, झाडायची पाळीबी समद्यांची, आन पयला झाडू त्येनंच मारला. खरं सांगते, मला रडू आलं, बाप्याला झाडताना म्या कधी बगितलंच नव्हतं.

मग काय, एकाची कंबर धरली, दुसऱ्याला गिऱ्हाइकाकडं जायचं. मला म्हणायचे, हिराबाई, आजच्या दिवस तुमी मारा की. आजच्या दिवस, आजच्या दिवस करता करता झाडू माझ्याच हाती ऱ्हायला. काम वाढलं तशा बाहेरनं पोरी घेतल्या, कंत्राटी. व्हय, कंत्राटी, आन घेणारे आमीच. त्यात माझी सून लता, माझा ल्योक गेल्यापास्नं दोन लेकरं तिच्या एकटीच्या जिवावर. म्या म्हणलं, हिला सभासद करा, कायमची सोय व्हईल. मीटिंग भरली, हात वर करा म्हणले, तर माझ्या एकलीचा हात वर. दामूअण्णा माझ्याकडं बगंना, म्हणला, हिराबाई, समद्यांनाच मालक केलं तर काम कोण करणार. आवं, हे तर त्या पळालेल्या मालकाचं बोलणं. त्यो तरी परका व्हता, ह्येनं माझी भाकर खाल्ली व्हती. लई राग आला. मालक बदला न्हाईतर सरकार बदला, माणसाच्या पोटातलं कोण बदलणार, जित्याची खोड मेल्याबिगर जात न्हाई. मीटिंग उठली, खुर्च्या मीच आवरल्या.

आता माझे गुडघे गेले, झाडू लता मारती. परवा डबा खाताना तिला म्हणलं, लते, आज ना उद्या तुला घेतीलच सोसायटीत, मग काय करशील गं? तिला इचार करावा लागलाच न्हाई. म्हणली, आत्या, पयली झाडायला बाई ठेवीन.

म्या तिच्या डोक्यावरनं हात फिरवला, म्हणलं, व्हऊ दे बाई तुझ्या मनासारखं.