उपाशी ठेवलेलं अर्धं खाचर

न्हाई मॅडम, काटा बरोबरच हाय तुमचा. परत मोजा, परत तेच येणार — ज्या अर्ध्या खाचराला जीवामृत घातलं त्याचं भात कमी, अन् ज्याला काही म्हणजे काहीच द्यायचं न्हाई असं तुमी बजावलं व्हतं, त्याचं जास्त. पण तेवढं लिहू नका. का म्हणजे? तुमी लिहिणार, काही न घालता भात जास्त येतं — मग हितून भीमाशंकरापर्यंत समदी खाचरं पुढल्या साली उपाशी ऱ्हाणार. अन् आमच्या मालकांनी अख्ख्या गावाला शेण-गोमूत कालवायला लावलं, त्यांनी तोंड कुठं लपवायचं?

टेका जरा खळ्यावर. आता बघा — खाचर एक, पाणी एक, मधी तुमची दोरी. हे बादली घेऊन जायचे, दोरीच्या अलीकडं वाढायचे, अन् पलीकडचं भात आपलं बघत उभं. पंगतीत असं करतं का कुणी? न्हाई करत. मला लई वंगाळ वाटायचं. मग हे जुन्नरला गेले तवा मी टाकलं पाटीभर लेंडीखत. एकच पाटी — बरं, दोन, पण शेळ्यांची पाटी ती केवढी. सासूबाईंना धड दिसत न्हाई, त्या चाचपत जाऊन ताक वतून आल्या. भाताला ताक, आता काय बोलावं. शेजारचा कुशाबा, बांधावरनं आमची त्याची बोलचाल बंद — त्यानंबी म्हशीचं खत आणून पसरलं. सासूबाईंना म्हणला, भांडण माणसांशी हाय आजी, भाताशी न्हाई.

हे? न्हाई न्हाई, हे तसले न्हाईत, शब्दाला पक्के. फकस्त बादली धुतली की धुवणाचं पाणी पलीकडं वतायचे, तेवढंच — आता बादली निम्मी भरलेली असतानाच धुतली तर त्याला ते तरी काय करणार, हात जड झाला की — 

हे काय, लिहिलंत? आवो, ते मी आपलं बोलण्याच्या भरात. खोडा ते. खोडा म्हणते ना, त्यांचं नाव नको त्यात. माझं लिहा — साळुबाईनं घातलं, सगळं साळुबाईनंच घातलं.

काय? पुढल्या साली परत, अन् राखणीला माणूस बसवून? बसवा की. तोबी काहीतरी टाकूनच जाईल. न्हाई मॅडम, चहा घ्या, नव्या तांदळाची पिशवी न्या घरी, पण कुणाला उपाशी ठेवून बघायचं असंल तर दुसऱ्याचं रान धरा. हे येत्यात खालनं. या आता तुमी.