वाकड्या नाकाचा सुलतान आणि ब्लॉक झालेली विहीण

तर मंडळी, आरतीला अजून वेळ आहे, आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या! आपल्यातलं उणं चारचौघांत सांगणारा माणूस, तो आपला वैरी की सोयरा? ... काय म्हणता मागच्या रांगेत? “कोण सांगतंय त्यावर आहे?” वा! तुम्ही नक्कीच कुठल्यातरी ग्रुपचे ॲडमिन!

ऐका! जतच्या बाजूला मायाप्पा सरगर नावाचा एक गृहस्थ. माडग्याळी मेंढ्यांची पैदास करणारा. या जातीची सारी शान नाकात! पोपटासारखं बाकदार नाक. जितकं वाकडं, तितका मेंढा भारी. आपल्यात अशा नाकानं लग्न मोडतं, तिथं मिरवणूक निघते! मायाप्पाच्या मेंढ्याचं नाव सुलतान. त्याचा फोटो नेहमी बाजूनं. समोरून? कधीच नाही!

मेंढपाळांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप, मायाप्पा त्याचा एक ॲडमिन. फोटो ग्रुपवर पडला, की सुरू — “नाद खुळा!” “एकच नंबर!” “वाघ!” मेंढ्याला वाघ म्हणतात, मंडळी! मेंढ्याच्या मनाला काय वाटत असेल!

आणि एके सकाळी त्याच ग्रुपवर संदेश आला: “पाव्हणं, नाक झकास. पण सुलतानाचा खालचा जबडा आखूड हाय. कोकरांत उतरंल. ह्याची पैदास करू नगा.”

लिहिणारी कोण? आक्काताई हाके. स्वतः मेंढ्या पाळणारी, आणि मायाप्पाची सख्खी विहीण! लेक तिच्या घरात दिलेली!

मायाप्पा पेटला! “समद्या ग्रुपम्होरं? खाजगीत सांगाया काय झालं हुतं?” विहिणीला ग्रुपमधून काढलं. वर फोनवर ब्लॉक! तिच्या संदेशाला ज्यांनी पसंतीचा अंगठा दिला होता, त्यांनाही काढलं! पूर्वी वाळीत टाकायला पंच बसायचे, वाद व्हायचा, दहा विड्या जळायच्या. आता? एक बोट पुरतं!

मग काय, ग्रुपमध्ये आनंदीआनंद! उरले ते सगळे “एकच नंबर”वाले.

पाच महिन्यांनी सुलतानाला दाखवलेल्या मेंढ्या व्यायला लागल्या. पहिलंच कोकरू — अहाहा, काय ते नाक! पण आचळ धरायला जाई आणि तोंडातून निसटे. पुन्हा धरी, पुन्हा निसटे. दुपारपर्यंत बिचारं मान टाकायला लागलं. मायाप्पानं घाबरून व्हिडिओ टाकला: “दूध पीत न्हाई. काय करू?”

उत्तरं आली! “वाघाचा बच्चा!” “भाऊ, नाद न्हाई करायचा!” एकानं तर गुलाबाचं फूल पाठवलं. — पाठवणाऱ्याला वाटलं, कोकरू मेलंच!

बायको रत्नव्वा ओरडली, “विहीणबाईला फोन लावा!”

“ब्लॉक केलीय.”

“मग काढा की ब्लॉकमधनं!”

“ते... येत न्हाई.”

मंडळी, घालायचं येतं, काढायचं येत नाही! मायाप्पानं कोकरू सदऱ्यात गुंडाळलं, फटफटी काढली आणि विहिणीच्या दारात उभा राहिला. मान खाली. “चुकलं, विहीणबाई.”

“भांडण मागनं. आधी दूध!” आक्काताईनं कोकरू मांडीवर घेतलं, तोंड उघडून बापासारखाच आखूड जबडा दाखवला, आणि बोंडल्यानं थेंब थेंब दूध आत सोडायला लागली. ग्रुपमधून हाकलल्याबद्दल अवाक्षर नाही! — हां, म्हणजे कोकराचं पोट भरेपर्यंत नाही. मग मात्र असं झापलं, असं झापलं, की लेक माजघरातून हसू दाबत ऐकत होती!

कोकरू जगलं. मायाप्पानं घरी येऊन सुलतानाचा जबडा उघडला. समोरून फोटो काढला. ग्रुपवर टाकला: “दोष हाय. माझ्या मेंढ्याची पैदास कुणी घेऊ नगा. विहीणबाई खरं बोलत हुत्या.”

आणि काय झालं असेल? सत्याचा जयजयकार? छे! दुसऱ्या ॲडमिननं मायाप्पालाच काढून टाकलं! “ग्रुपचं वातावरण बिघडवतोय!”

आता व्याही-विहिणीचा वेगळा ग्रुप आहे. सदस्य दोन. रोज सकाळी कडाकडा भांडतात, आणि दोघांच्याही कळपात कोकरं बिनघोर आचळाला लागतात!

तर माझ्या मायबापांनो, शिव्या घालणाऱ्याला खुशाल ब्लॉक करा; मीही करतो, झोप छान लागते. पण आरतीला उठण्याआधी खिशातला फोन काढा. ब्लॉक केलेल्यांत बघा. त्यातलं एखादं माणूस खरं बोललं होतं ना? — अहो, माझ्याकडं काय बघता! लावा फोन. आरती थांबेल!