तळाशी राहिलेले शिंपले

दाताच्या दवाखान्यात एक सुतार गालाला रुमाल लावून बसला होता. शेजारी एक नवराबायको. नवऱ्याच्या मांडीवर भलामोठा दगड.

"इथेही धोंडा घेऊन आलात?"

"अगं, यातले शिंपले बघ. हा दगड जिथला, तिथे समुद्राच्या तळातून मिथेन वायू झिरपत होता."

"हुंगायला गेला होतात?"

सुताराला हसू आलं आणि दाढ ठणकली.

"वायूवर जंतू जगायचे, जंतूंवर शिंपले. वायू आटला, तसे सगळे जागच्या जागी मेले. त्यावरून तर कळतं, गळती कुठे होती ते."

"तुम्हाला सगळं मेल्यावरच कळतं."

"लाखो वर्षांपूर्वीची गळती शोधणं खायचं काम नाही."

"नाहीच. आपली मुलगी घर सोडून गेली, ते कधी कळलं तुम्हाला?"

"तेव्हा मी संशोधनाच्या बोटीवर होतो."

"बोटीवरून येऊन आठवडा झाला होता. जेवताना मलाच विचारलंत, ती झोपली का म्हणून."

नवरा दगड पिशवीत घालू लागला.

"ठेवता कशाला? बघत बसा की. तिथे निदान शिंपले तरी मागे राहिले. तिने जुनी चप्पलसुद्धा ठेवली नाही."