नवव्या नंबरावरचं गाणं

(लंडन, १९८६. टीव्ही स्टुडिओतली मेकअपची खोली. सकाळची वेळ.)

जनीन : माझा आवाज कुठाय, बर्नी?

बर्नी : हळू बोल. बाहेर माणसं आहेत.

जनीन : असू देत! येताना टॅक्सीत रेडिओवर आपलं गाणं पहिल्यांदाच पूर्ण ऐकलं. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत तूच. खालचा सूर माझा होता, तोही तूच!

बर्नी : रॉजर म्हणाला, तुझा आवाज जाड लागतोय.

जनीन : मॅनेजर म्हणाला आणि तू गाऊन मोकळी झालीस. कधी?

बर्नी : गेल्या महिन्यात, त्या मंगळवारी. तू ग्रिम्सबीला गेली होतीस तेव्हा.

जनीन : बाबांना पुरायला गेले होते गं मी! आणि तू फुलं पाठवलीस, 'स्टुडिओत अडकलेय' म्हणून चिठ्ठी लावून!

बर्नी : मी नाही म्हणाले होते त्याला. तो म्हणाला, दुसरी मुलगी आणतो.

जनीन : किती वेळा नाही म्हणालीस?

बर्नी : ...एकदा.

जनीन : एकदा!

बर्नी : मग काय करू? आधीची तिन्ही गाणी दोघींच्या आवाजात होती, कुत्रं विचारत नव्हतं त्यांना! हे खपाच्या यादीत देशात नवव्या नंबरावर गेलंय. परत जायचंय तुला कारखान्यात मासे साफ करायला?

जनीन : त्याच कारखान्यात तुला गायला कोणी लावलं? यंत्रांच्या घरघरीत तुझा आवाज शेजारणीलाही ऐकू जात नव्हता. माझा सूर धरून धरून शिकलीस तू, बये!

बर्नी : माहीत आहे मला. पण आजचा दिवस निभावून ने, जनीन. नुसते ओठ हलवायचेत. रेकॉर्ड वाजते, माइक बंदच असतात. कोणाला कळणार नाही.

जनीन : आईला कळेल. बाबा गेल्यापासून ती घराबाहेर पडली नव्हती. काल केस सेट करून आली. सगळी गल्ली बोलावलीय तिनं, आपल्याला टीव्हीवर बघायला.

बर्नी : म्हणजे तू निघून जाणार?

जनीन : का म्हणून? उभी राहीन तुझ्या शेजारी. पण तोंड उघडणार नाही.

बर्नी : वेडी आहेस का? सगळा देश बघणार! गाणं संपलं की ते विचारतील, ही गप्प का होती?

जनीन : विचारू देत.

बर्नी : दार वाजतंय. बोलावतायत आपल्याला... जनीन, मी काय सांगू गं त्यांना?

जनीन : सांग की. तिचंही मीच गाते म्हणावं.