मामांचं दोन दिवसांचं भाषण

आमच्या मामांची फजिती तुम्हाला सांगितली का? मामा लोहाऱ्याचे, शेळ्या पाळतात. धाराशिवला शेळीपालनाची परिषद भरली, तिथं त्यांना बोलायला बोलावलं. परिषद मोबाइलवर लाइव्ह दाखवायचं काम माझ्याकडं होतं. ज्यांना यायला जमलं नाही, त्यांच्यासाठी रेकॉर्डिंग दोन दिवस ठेवायचं आणि मग काढून टाकायचं, असं ठरलेलं.

गोठा सोडून मामींना काही येता आलं नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी मीच घरी जाऊन त्यांना मोबाइलवर भाषण लावून दिलं. फेटा बांधलेले मामा माइकवर म्हणत होते, "म्या रोज पहाटं उठतो. गोठा झाडतो, चारा टाकतो, मगच च्या घेतो!" टाळ्या पडल्या.

"थांब रे," मामी म्हणाल्या. "परत लाव."

मी परत लावलं. मग मामींनी आणखी एकदा लावायला लावलं. शेजारी बसलेल्या मामांनी मला हळूच विचारलं, "हे कधी पुसणार म्हणालास?"

"उद्या संध्याकाळी, मामा."

मामांच्या जिवात जीव आला. मामी मात्र मोबाइलवरची नजर न काढता म्हणाल्या, "अवं, तवर ह्या माणसाचा पत्ता तेवढा काढा. लई कामाचा दिसतोय. आपल्या गोठ्यात असाच गडी पायजे."