कंपनी केवढी?

मी मोठ्या कंपनीत कसा गेलो, ते ऐका. नगरच्या एमआयडीसीत प्रशांत नावाच्या माझ्याच वयाच्या मालकाच्या वर्कशॉपमध्ये मी मजेत होतो. तेवढ्यात काष्टीचं स्थळ आलं. मुलगी मला फार आवडली, पण तिचे वडील म्हणाले, "पाच-सात मानसांची कसली कंपनी? मोठ्या कंपनीत लागा, मग बोलू."

लागलो सुप्याच्या एका मोठ्या कंपनीत. महिन्याभरात ते चौकशीला गेटवर हजर. वॉचमननं आत फोन लावला आणि सांगितलं, "या नावाचं इथं कोणी नाही." मी आतच होतो, पण कंत्राटदाराचा माणूस म्हणून.

तिथून ते चिडून जुन्या वर्कशॉपवर गेले. प्रशांतनं त्यांना चहा पाजला, माझं तोंडभर कौतुक केलं. संध्याकाळी त्यांचा मला फोन आला.

"तुमचा जुना मालक लई चांगला मानूस हाय वो. लग्न झालंय का त्याचं?"

"न्हाई. पण मामा, कंपनी छोटी हाय त्याची!"

"मालकाला कुठं छोटी-मोठी असती?"

प्रशांतनं लग्नाला आग्रहानं बोलावलं होतं. पण मोठ्या कंपनीनं मला सुट्टी दिली नाही.