मामांच्या अकरा डिस्क

आमचे मामा काहीही नवीन घ्यायला निघाले की जुनं सोबत नेतात. मिक्सर घेताना त्यांनी जुनी भांडी पिशवीत घालून नेली आणि दुकानातच बसवून बघितली. रिटायर झाल्यापासून ते गाड्यांच्या शर्यतीचे गेम खेळतात. परवा ते गेमचं मशीन बंद पडलं, तेव्हा बिबवेवाडीतल्या दुकानात आम्ही दोघं अकरा जुन्या डिस्क घेऊनच गेलो.

दुकानदाराने पिशवीत डोकावून पाहिलं. "यातली एकही नव्या मशीनवर चालणार नाही."

"का बरं?"

"अहो काका, जुन्या चालल्या तर नव्या कोण घेईल? कंपनीने धंदा करायचा की नाही?"

"आणि जुन्या चालणार नसतील तर मी हे मशीन का घ्यायचं?"

"मी कुठे घ्या म्हणालो?"

हे मामांना पटलं. नव्या मशीनचे खोके छतापर्यंत रचलेले होते. त्यांच्याकडे बघत मामांनी विचारलं, "मग जुनंच मॉडेल सेकंडहँड मिळेल का?"

"आलं की लगेच जातं. नाव लिहून ठेवावं लागेल. तुमच्या आधी सहाजण आहेत."

दुकानदाराने वही पुढे सरकवली. मामांनी सातवं नाव लिहिलं आणि मग सवयीने वरची सहाही नावं वाचून काढली.

"पहिलं नाव तर तुमच्या दुकानाच्या पाटीवरचंच दिसतंय."

"हो," वही मिटत दुकानदार म्हणाला, "माझ्या घरी चाळीस डिस्क आहेत."